चाकासारखी भिजवलेली होडी

दोन हजार चोवीस साल होतं अन् मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, तेव्हा तू ती होडी जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या दुकानात आणली. दोन्ही हातांवर आडवी धरून, तापातलं लेकरू दवाखान्यात नेतात तशी. मी गाडीच्या चाकाचा बाभळीचा आरा तासत होतो. वर न पाहताच म्हटलं, "कोणाचं पोट्टं उचलून आणलं बे मास्तर?"

"बापाचं," तू म्हटलं अन् धोतर सोडलं.

श्रावण मास्तर, तुले जाऊन आज सव्वा महिना झाला. तुझ्या शाळेतल्या पोरायनं तुझ्यावर लिहून मागतलं. ते म्हणे, आबा तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हटलं, माझं मी लिहीन. तू कधी जन्मला, कोणत्या शाळेत किती वर्षं चित्रकला शिकवली, ते सारं त्यायच्याकडं आहे. माझ्याकडं जे आहे ते त्यायच्याकडं नाई.

आपण हिंगणीच्या शाळेत चौथीपर्यंत एका पाटावर बसलो. पुढं तू शिकला, मी बापाच्या हाताखाली सुतारकीचा वाकस धरला. तू मास्तर झाला म्हणून सारं गाव तुले अहो-जाहो करे. मी मास्तर म्हणे, पण अरे-तुरेनंच. तुलेही तेच बरं वाटे. चाळिशीत माझे अक्षरं मोडकळीले आले होते, ते तूच रंधलेल्या फळीवर सुताराच्या पेन्सिलीनं गिरवून घेतले. फळी भरली की मी रंधा मारून कोरी करी. हे मी गावात कोणाले सांगतलं नाई अन् तूही नाई सांगतलं. आता सांगून टाकलं.

तर ती होडी. दोन हात लांब, शिडाची. पोट एका लाकडातून कोरलेलं, खाली शिशाचा वजनी पाय, म्हणजे वाऱ्यानं कलली तरी उभी होणार. तुझे बाबा गिरणीतल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर बगीचा पाहत. साहेब बगीच्यातल्या टाक्यात ही होडी सोडे. देश सोडून जाताना ती तुझ्या बाबाले देऊन गेला. अन् बाबानं जाताना तुले दिली. दुसरं काही द्यायले त्यायच्याकडं नव्हतंच.

होडीच्या वरच्या अंगाले तू डेक म्हणे, मी पाटणी म्हणे. बोटभर रुंद, नखाएवढ्या जाड अशा एकोणतीस पट्ट्या, होडीच्या अंगाच्या बाकाबरोबर वाकवलेल्या. दोन पट्ट्यांच्या मधी काळी रेघ. मी साठ वर्षं लाकूड केलं, पण असं काम पाहिलं नव्हतं. अर्थात ते मी बोललो नाई. बोललो ते एवढंच, "सुकून फटी पडल्या आहेत. होते दुरुस्त."

"जेवढं जित्तं आहे तेवढं ठेवजो गणपत. मेलं असंन तेवढंच बदल."

"मंग ठिगळ दिसंन."

"दिसू दे न."

"तुले दिसू दे. मले लोक हसतीन."

तिथून आपलं भांडण लागलं, ते तू गेला तरी मिटलं नाई. तू फूटपट्टी घेऊन कागदावर एक-एक पट्टी उतरवली. मी दोरी लावून, वीत अन् बोटं धरून माप घेतलं. तू म्हटलं, "बोटानं मोजलेली होडी बुडते." मी म्हटलं, "कागदावरची तं पाण्यात टाकताच भिजते." मग दोन्ही मापं लावून पाहिली. एका केसाचा फरक निघाला. कोणाचं चुकलं यावर चार दिवस गेले. मास्तर, तुझं चुकलं होतं. तुझी फूटपट्टी टोकाले झिजली होती. ते मी नंतर गुण्याले, सुताराच्या काटकोनाले, लावून पाहिलं होतं.

आता पुढचं सांगतो. इथं माझी मान खाली नाई, पण हात थोडा थांबते.

आपल्याकडं उन्हाळ्यात गाडीचं चाक खिळखिळं होते. लाकूड सुकते, आरे हालतात, लोखंडी धाव निघायले पाहते. मग काय करायचं, हे शेंबड्या पोट्ट्यालेही माहीत आहे. चाक काढायचं अन् डोहात नाई तर हौदात टाकायचं. रात्रभर पाणी पिलं की लाकूड फुगते, फटी मिटतात, चाक ठणठणीत. माझ्या बापानं तसं केलं, मी तसं केलं. गावातल्या बैलगाड्या आता बोटावर मोजण्याइतक्या राह्यल्या, पण ज्या आहेत त्यायचे चाकं आजही माझ्या दुकानाच्या हौदात येतात.

तुझ्या होडीच्याही फटीच होत्या.

तू निघता निघता विचारलं होतं, "पाणी चालते का रे याले आत्ता?"

मी म्हटलं, "होडी आहे न? अन् तू पोरायले चित्रं शिकव. मले लाकूड नको शिकवू."

तू हसला अन् गेला. मी होडी हौदात ठेवली, वर गोणपाट झाकलं.

सकाळी गोणपाट काढलं तर पाटणी पापडासारखी उठली होती. पट्ट्या फुगल्या, त्यायले सरकायले जागा नाई, म्हणून मधून वर आल्या. सहा तर उभ्या चिरल्या. पाण्यावर पिवळसर साय धरली होती. बोटावर घेतली, चिकट लागली. सरस. जनावराच्या हाडाकातड्याचा तो जुना गोंद. सरस पाण्यात सुटते, हे मले दहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे मास्तर. बापानं सरस शिजवायलेच मले पहिल्या दिवशी बसवलं होतं. चाकात सरस नसते. चाकाले चहूकडून लोखंडाची धाव आवळून धरते. पाटणीले कोण धरणार होतं? हे मले ठाऊक नव्हतं असं नाई. मी थांबून पाहिलं नाई. तुझ्या तोंडावर "लाकूड शिकवू नको" म्हटल्यावर मले थांबायचं नव्हतं.

मी होडी काढली, सावलीत वाळवली, पाणी पुसलं. दोन दिवसांनी तू आला तेव्हा ती कोरडी होती. मी म्हटलं, "आतून कुजलं होतं लेका. हात लावला तं सुटलं सारं."

तू ओंडक्यावर बसला.  मग म्हटलं, "माळ्यावर ठेवली न मी. तिथला छपराचा कवेलू गळे. सिंधू म्हणे, खाली काढा, खाली काढा. बाबानं मरताना सांगतलं होतं, कोरड्या जागी ठेवजो. एवढंच सांगतलं होतं."

माझ्या तोंडात शब्द आले होते. चाकासारखी भिजवली म्हणून. दोन शब्दांचं तर काम होतं. मी म्हटलं, "होते असं."

त्यानंतर तुझ्यासमोर मी एकही जुनी पट्टी येऊ दिली नाई. तुझी नजर चित्रकाराची. कुजलेलं अन् भिजलेलं यातला फरक तुले कळला असता. म्हणून मी सांगतलं, सारी पाटणी नवी करतो, जुन्या पट्ट्या चुलीत घातल्या. तू तेही मान्य केलं. "जित्तं तेवढं ठेव" म्हणणारा माणूस, माझ्या एका शब्दावर "कर मंग नवं" म्हणून गेला. ठिगळाच्या भांडणात मी जिंकलो होतो. असं जिंकणं मी आयुष्यात पुन्हा मागणार नाई.

पट्ट्या चुलीत घातल्या नव्हत्या. चांगलं लाकूड सुतार जाळत नाई. दोरीनं बांधून आढ्याले खोचून ठेवल्या होत्या. उलटून पाहिल्या तर हाडासारख्या टणक. तुझ्या कवेलूनं त्यायचं काही बिघडवलं नव्हतं.

अन् तू काय करत होता? तू बस स्टँडवरच्या हॉटेलात बसून सांगत होता. मीही होतो तिथं एकदा. तू म्हटलं, "बापाची होडी मी वाया घालवली. गणपत नसता तं चुलीत गेली असती. तो वाचवून राह्यला." हॉटेलवाल्यानं माझ्यापुढं कप ठेवला, म्हणे, "घ्या आबा, कारागीर माणूस." चार जणांनी मान हलवली. तो चहा मी पिलो. गरम होता, साखर बरोबर होती, अन् मी पूर्ण पिलो. तुले खोटं सांगणार नाई आता.

नवी पाटणी मी जुन्या सागवानी चौकटीतून काढली. पन्नास वर्षं मुरलेलं लाकूड. तू रोज चार वाजता येऊन बसे. कधी पट्टी धरे, कधी माझा चष्मा पुसून दे. काम सुंदर झालं होतं, त्यात मी कमीपणा घेणार नाई. शेवटल्या दिवशी दोन पट्ट्या बाकी होत्या. तू तळहात फिरवला.

"गुळगुळीत झाली रे."

"मंग? कोणाचं काम आहे?"

"हो. पण ती होती ती नाई राह्यली."

"नवं आहे म्हणून तसं वाटते."

"वाटत असंन," तू म्हटलं, पायात चप्पल सरकवली अन् गेला. आपलं शेवटलं बोलणं हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या घरापुढं माणसं दिसली तेव्हा मले वाटलं, कोणी पाहुणे आले.

तुझ्या तेरवीले तुझी मीना माझ्याजवळ आली. नागपूरले राहते तरी बोलणं अजून इथलंच आहे पोरीचं. म्हणे, "काका, होडी झाली का? काचेच्या पेटीत ठेवीन म्हणते. बाबा फोनवर रोज तिचंच सांगत."

"काय सांगत?"

"हेच, की मी नीट सांभाळली नाई. काका, खरं सांगते, शेवटचे महिने त्यायले दुसरं सुचतच नव्हतं."

मी म्हटलं, "मले पंधरा दिवस दे."

दुकानात आलो. होडी समोर होती. सत्तावीस पट्ट्या बसलेल्या, आरशासारख्या. मी पातळ पटाशी घेतली अन् पहिली पट्टी उचकटली. मास्तर, मी आजवर दुसऱ्याचं काम पुष्कळ उचकटलं. आपलं कधी नाई. माझं काम एवढं पक्कं होतं की निघता निघेना. त्याही वेळेस मले त्याचा आनंद वाटला, काय करतो.

मग आढ्यावरच्या पट्ट्या खाली काढल्या. ओलसर फडक्यात दडपून नरम केल्या, पाट्यावर सरळ मांडल्या, वरून वरवंटे अन् विटा ठेवल्या. आठ दिवस सावलीत वाळू दिल्या. उन्हात ठेवल्या असत्या तर दोन दिवसात झालं असतं, पण आता मले घाई नव्हती. तेवीस पट्ट्या सरळ निघाल्या. चिरल्या होत्या त्या सहाच्या जागी सहा सागवानाच्या बसवल्या. जुन्या काळपट, नव्या पिवळ्या. पॉलिशमधी रंग कालवून त्या मले अशा मिळवता आल्या असत्या की तूही ओळखल्या नसत्या. मुद्दाम नाई मिळवल्या. ठिगळ दिसते. चांगलं चार हातांवरून दिसते.

पण एक सांगतो. मधल्या काळ्या रेघा तू ब्रशनं रंगवायच्या म्हणत होता. तिथं मी तुझं ऐकलं नाई. राळ वितळवली, त्यात दिव्याची काजळी मळली अन् फटीत भरली. तुझा रंग एका उन्हाळ्यात उडाला असता. हे पाणीही पिणार नाई अन् फुटणारही नाई. इथं मीच बरोबर आहे अन् ते मी सोडणार नाई.

होडी घेऊन तुझ्या घरी गेलो. सिंधूवहिनी ओसरीवर तूर निवडत होती. मीना आतून आली, होडी पाहून म्हणे, "काका, ह्या पट्ट्या जुन्याच दिसतात! बाबा तं म्हणत जाळल्या."

"बस," मी म्हटलं. "वहिनी, तुम्हीही ऐका."

सांगतलं. हौदापासून चहापर्यंत सारं. मधी थांबलो नाई, कारण थांबलो असतो तर काहीतरी कारण जोडलं असतं.

वहिनीनं सूप खाली ठेवलं. "भाऊजी, तुम्हाले माहीत आहे का त्यायनं काय केलं ते? माळ्यावरचं सारं सामान खाली काढलं. शंभर पायऱ्या चढल्यासारखे धापा टाकत. पेट्या उन्हात मांडल्या, एक-एक वस्तू पुसली. मी म्हटलं, होडी आहे, माणूस थोडीच मेलं. तं म्हणे, बाबानं एकच गोष्ट सांगतली होती सिंधू, तेवढीही मले जमली नाई. बापाच्या फोटोकडं पाहत नसत. जेवताना पाठ करून बसत."

मी होडी मांडीवरून खाली ठेवली.

"काऊन नाई सांगतलं? ते काय रागावले असते तुमच्यावर? जलमभर रागावले का कधी?"

"नाई."

"मंग?"

"लाज वाटली. साठ वर्षं सुतारकी केली अन् सरस विसरला."

"तुमची लाज तुम्ही त्यायच्या डोक्यावर ठेवली," वहिनी म्हणे. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मले बरं गेलं असतं. मीनानं पाणी आणून दिलं. चहाचं कोणी नाव काढलं नाई, अन् ते बरोबरच होतं.

मग वहिनी उठली. अंगणातल्या सिमेंटच्या टाक्याकडं बोट दाखवलं. "पाण्यात टाका. पाहू द्या मले."

  मी होडी टाक्यात सोडली. शिशाचा पाय खाली गेला, होडी एकदा डावीकडं कलली, एकदा उजवीकडं, अन् उभी राह्यली. शीड अजून चढवलं नव्हतं, तरी वाऱ्याच्या झुळकीनं या काठाहून त्या काठाले गेली. मीना दुसऱ्या बाजूनं वाकून तिले परत ढकलत होती अन् रडत होती. वहिनी काही रडली नाई. तिनं पाटणीवर हात फिरवला, अगदी तू फिरवला होता तसा, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांवरून. बोटं पाहिली. कोरडी होती.

"हे त्यायले आवडलं असतं," तिनं म्हटलं. मग माझ्याकडं पाहिलं. "पण मले सांगून काय उपेग भाऊजी? मी घरातली. त्यायनं साऱ्या गावात स्वतःले बोल लावला. तुमची तारीफ केली. जिथं त्यायनं सांगतलं, तिथं जाऊन सांगा. मंग या. मंग चहा ठेवते."

मीना म्हणाली, "आई, राहू दे न. काकायचं वय पाहाय."

"वय काय पाहू? तोंडानंच बोलाचं आहे, डोंगर नाई चढाचा."

वहिनी मले नेहमीच तुझ्यापेक्षा कडक वाटली. तू नशीबवान होता.

तुझं माझ्यावर काय काय आहे ते मी इथं मांडत बसणार नाई. तू मले अक्षरं दिले अन् ते कोणाले कळू दिलं नाई. मी तुले एक खोटं दिलं अन् ते साऱ्या गावाले तुझ्याच तोंडून कळू दिलं. हे दोन बरोबरीचे नाईत. तू असता तर म्हटलं असतं, जाऊ दे रे गणपत. म्हणून तू नसताना सांगावं लागून राह्यलं, जाऊ दे म्हणणारं कोणी नाई म्हणून. रागाव एकदा. मी तिकडं आलो की पहिलं तेच कर, मग फूटपट्टीचं बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून मी बस स्टँडवर गेलो. हॉटेलात सात-आठ जण होते. हॉटेलवाल्यानं कप भरायले घेतला, मी हातानं थांबवलं. बाकावर बसलो नाई, बसून बोललेलं लोक अर्धंच ऐकतात. उभ्यानं मोठ्यानं सांगतलं, "श्रावण मास्तरनं होडी कुजवली नाई. कवेलूचं काही नव्हतं. मी तिले चाकासारखी हौदात भिजवली, तिचा सरस सोडवला, अन् मास्तरशी खोटं बोललो. त्यायनं तुम्हाले जे सांगतलं ते माझं खोटं होतं." कोणीतरी म्हटलं, "बसा न आबा, झालं गेलं." तेवढ्यात सेलूची बस लागली. तिच्यातून चार जण उतरले, त्यातल्या दोघायनं तुझ्या तोंडून ते ऐकलं होतं. मी त्यायले हात करून थांबवलं अन् पहिल्यापासून पुन्हा सांगायले लागलो.